किती टीबी हे नंतर; किती तासांत परत, हे आधी विचारा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली की जळगाव-भुसावळपासून धुळे, शिरपूर, नंदुरबारपर्यंत कारखाने, पेढ्या, पतसंस्था आणि दवाखान्यांत संगणकखरेदीची कोटेशन फिरू लागतात. त्यामागे घसाऱ्याचा हिशेब असतो. संगणकावर ४० टक्के घसारा मिळतो खरा, पण त्या वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच मिळतो. म्हणजे मार्चच्या घाईने पहिल्या वर्षी २० टक्केच पदरात पडतात. या कोटेशनमध्ये सर्व्हर, नॅस (नेटवर्कवरची साठवणपेटी), हार्ड डिस्क यांच्यापुढे दोनच आकडे ठळक असतात : किती टीबी (टेराबाइट) आणि किती रुपये. डेटा साठवणुकीचे पर्याय या दोन आकड्यांवर तोलले की निवड हमखास चुकते. आधी मालकाने स्वतःच्या हाताने दुसरे दोन आकडे लिहून काढावेत, असे आम्हाला कळकळीने सांगायचे आहे. पहिला, डेटा गेला तर मागचे किती तासांचे काम पुन्हा करणे झेपेल? दुसरा, यंत्रणा पडली तर किती तास धंदा थांबलेला चालेल?

हे आकडे धंद्यागणिक बदलतात. जिनिंगमध्ये काट्याची पावती कागदावर असते; एका दिवसाच्या नोंदी गेल्या तरी पावत्या घेऊन बसले की संध्याकाळपर्यंत पुन्हा भरता येतात. डाळमिलची खरेदी-विक्री, केळीच्या गाड्यांची बिले यांचेही बरेचसे तसेच. पतसंस्थेच्या काउंटरवरचा भरणा-उचल मात्र दहा मिनिटांचा गेला तरी खातेदारासमोर उभे राहणे कठीण. सराफाच्या पेढीला एरवी तीन-चार तास बंद चालेल, पण धनत्रयोदशीला किंवा अक्षय्य तृतीयेला अर्धा तासही नाही. दवाखान्यातला सीटी स्कॅन तर पुन्हा काढताच येत नाही. डेटा हरवला म्हणून रुग्णाला दुसऱ्यांदा किरणांखाली घालायचे नसते. पुन्हा भरता येणारी नोंद आणि पुन्हा न मिळणारी नोंद, ही वर्गवारी मालक आणि मुनीमच करू शकतात, विक्रेता नाही. ती झाली की पर्यायांची तुलना बरीच सोपी होते.

पहिला पर्याय सर्व्हरच्या पोटातल्याच डिस्कचा. तो जुनाट म्हणून हिणवला जातो, ते बरोबर नाही. एकच सर्व्हर, त्यावर टॅली किंवा ईआरपीसारखे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर, वीस-पंचवीस माणसे, एवढाच पसारा असेल तर सर्व्हरमध्ये ९६० जीबीच्या चार एंटरप्राइज एसएसडी रेड १० मध्ये (रेड म्हणजे एखादी डिस्क गेली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधणे; रेड १० मध्ये जोडीतल्या दोन्ही डिस्कवर एकच डेटा असतो) घालणे हा सर्वांत वेगवान आणि सर्वांत कमी भानगडीचा मार्ग आहे. रेड कार्डाच्या (डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या) कॅशला, म्हणजे तात्पुरत्या मेमरीला, बॅटरी किंवा फ्लॅशचे संरक्षण हवे. ते नसेल तर वीज जाताच कार्डाच्या मेमरीत अडकलेल्या नोंदी नाहीशा होतात आणि डेटाबेस अर्धवट लिहिलेला राहतो. एसएसडीही वीज जाताना हातातले लिखाण पूर्ण करणारी, म्हणजे आत कपॅसिटर असलेली हवी. दुकानात मिळणाऱ्या साध्या १ टीबी एसएसडीची लिखाणाची हमी साधारण ६०० टीबीची असते. रोज एकदा पूर्ण भरण्याइतक्या, पाच वर्षांच्या हमीच्या ९६० जीबी एसएसडीची १,७५२ टीबी. किमतीतला फरक इथे जातो.

नॅस म्हणजे नेटवर्कवरची फाइलपेटी. ऑफिसच्या फाइली, ड्रॉइंग, स्कॅन, डिझाइनचे फोटो, बॅकअप यांसाठी उत्तम. डेटाबेस नॅसवर ठेवून दहा जणांनी वाय-फायवरून वापरायचा म्हटला तर मात्र तक्रारी सुरू होतात, आणि दोष नॅसचा नसतो. साध्या गिगाबिट केबलवरून प्रत्यक्षात सेकंदाला ११० एमबीच्या आसपास मिळतात, तेही सगळ्यांत मिळून. १० गिगाबिट हवे असेल तर कॅट-६ केबल ५५ मीटरपर्यंतच भरवशाची; त्यापुढे १०० मीटरपर्यंत कॅट-६ए लागते. ऑफिसातून मागच्या शेडपर्यंत खेचलेली जुनी केबल १० गिगाबिटला साथ देत नाही, हे कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेले नसते.

सॅन, म्हणजे सर्व्हरसाठीचे वेगळे साठवण-नेटवर्क, ही वेगळी चीज. तिथे सर्व्हरला फाइल नव्हे, सरळ डिस्कच दिसते. दोन कंट्रोलर, दोन स्विच, दोन वाटा, आणि दोन-तीन सर्व्हर एकाच साठवणीवर. एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने काही मिनिटांत काम उचलायचे, ही गरज असेल तरच सॅन घ्यावी. नागरी बँक, मोठे रुग्णालय, तीन पाळ्यांत चालणारा कारखाना यांना ती शोभते. एकाच सर्व्हरला सॅन जोडून ‘एंटरप्राइज’ म्हणवून घेणे हा निव्वळ खर्च आहे, कारण तो एक सर्व्हर बंद पडला की सॅन नुसती चालू राहून उपयोग शून्य. मधल्या आकाराच्या पतसंस्थेने सॅनऐवजी दोन सर्व्हर आणि त्यांच्यात सतत नक्कल करणारे सॉफ्टवेअर, हा पर्यायही कोटेशनमध्ये मागवून पाहावा. बऱ्याचदा तोच परवडतो, आणि दुसरा सर्व्हर दुसऱ्या इमारतीत ठेवता येतो, ही त्याची जमेची बाजू.

आता डिस्क आणि रेडकडे थोडे सविस्तर वळतो, कारण नुकसान इथेच सर्वाधिक होते.

१६ टीबीच्या चार डिस्क म्हणजे ६४ टीबी नव्हे. रेड ६ किंवा रेड १० केले की ३२ टीबी उरतात, संगणक ते स्वतःच्या मोजणीने २९.१ दाखवतो, आणि वीस टक्के जागा मोकळी ठेवली नाही तर वेग घसरतो. वापरायला साधारण २३ टीबी. चार डिस्कच्या पेटीत रेड ६ आणि रेड १० दोन्हींत जागा सारखीच मिळते. मग निवडायचे काय? रेड ६ मध्ये कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा राहतो. रेड १० मध्ये एकाच जोडीतल्या दोन्ही गेल्या तर संपले, पण लिहिण्याचा वेग तिप्पट, कारण एका छोट्या लिखाणासाठी रेड ६ ला सहा वेळा डिस्कला हात लावावा लागतो, रेड १० ला दोनदा. ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला ८० च्या आसपासच छोटी कामे करते. म्हणजे चार डिस्कवर रेड ६ मध्ये सेकंदाला पन्नासेक लिखाणे, रेड १० मध्ये १६०. यावरून ठरवावे : डेटाबेस असेल तर रेड १०, शक्यतो एसएसडीवर, फाइली, स्कॅन, बॅकअप असेल तर रेड ६.

रेड ५, ज्यात एकच डिस्क गेलेली चालते, अजूनही सर्रास सुचवले जाते. ८ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये असल्या आणि एक गेली, तर नवी भरून काढायला उरलेल्या तिन्हींवरचे २४ टीबी एकही चूक न होता वाचावे लागतात. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात १२.५ टीबी वाचनामागे एखादी न सुधारता येणारी चूक गृहीत धरलेली असते. एंटरप्राइज डिस्कसाठी हाच आकडा १२५ टीबीचा. प्रत्यक्षात डिस्क कागदापेक्षा बऱ्या वागतात, पण एवढ्या भरवशावर पेढीच्या वह्या ठेवू नयेत. शिवाय १६ टीबीची डिस्क भरून निघायला काम बंद ठेवले तरी २२-२४ तास लागतात, चालू ठेवले तर दोन-तीन दिवस. तेवढा वेळ उरलेल्या डिस्कवर सर्वाधिक ताण असतो, आणि त्या बहुधा त्याच दिवशी, त्याच खोक्यातून आलेल्या असतात.

एकाच खोक्यातल्या डिस्कचा धोका खराखुरा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने स्वतःच जाहीर केले होते की तिच्या काही एसएसडी फर्मवेअरमधल्या (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या) दोषामुळे ३२,७६८ तास भरताच बंद पडतील आणि त्यांतला डेटा परत मिळणार नाही. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तास. एकत्र चालू केलेल्या सगळ्या डिस्क जवळपास एकाच वेळी जाणार असतील तर रेडचा प्रकार कुठलाही असो, काय कामाचा? सुधारित फर्मवेअर उपलब्ध होते. ज्यांनी वेळीच घातले ते वाचले. म्हणून एएमसी (वार्षिक देखभाल) करारात ‘वर्षातून दोनदा डिस्क, कंट्रोलर आणि नॅसचे फर्मवेअर तपासणे’ हे वाक्य हवेच हवे. डिस्क शक्य तर दोन वेगवेगळ्या लॉटमधून घ्याव्यात.

खरेदी करताना डिस्क सीएमआर (माग वेगवेगळे ठेवणारी) आहे की एसएमआर हे लेखी घ्यावे. एसएमआरमध्ये माग एकमेकांवर चढवून लिहिलेले असतात, त्यामुळे सलग मोठे लिखाण आले की ती गुदमरते; रेड भरून निघण्याचे तास वाढतात, कधी कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही एसएमआर असल्याचे २०२० मध्ये उघड झाले होते. तेव्हा नुसत्या नावावर न जाता मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीशी ताडून पाहावा.

डिस्क बदलताना होणारी सर्वांत महागडी चूक म्हणजे चांगली डिस्क ओढणे. पेटी बसवल्या दिवशीच प्रत्येक ट्रेवर तिच्या डिस्कचा सीरियल क्रमांक चिकटवावा. एक डिस्क गेल्याचा लाल दिवा लागला की आधी बॅकअप ताजा आहे ना ते पाहावे, नसेल तर तो घ्यावा, आणि मगच नवी डिस्क घालावी. दोन गेल्या आणि पेटी उघडतच नसेल तर ती सरळ बंद करावी. डिस्कचे क्रम बदलू नयेत, स्क्रीनवर ‘इनिशियलाइज’ (डिस्क नव्याने कोरी करणे) विचारले तर होकार देऊ नये. प्रत्येक डिस्कची आधी तुकड्या-तुकड्याने नक्कल काढून, पुढचे प्रयोग त्या नकलेवर करावेत. पहिल्या दोन तासांतल्या उलाढालींनीच डेटा कायमचा जातो. महिन्यातून एकदा पूर्ण डिस्कवाचन, ज्याला स्क्रब म्हणतात, ते रात्री लावून ठेवावे; आणि स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते त्या) ५, १९७ आणि १९८ या ओळींवर शून्याऐवजी आकडा दिसून तो वाढत असेल तर डिस्क मरायची वाट न पाहता बदलावी.

यापुढचा भाग खास आपल्या खान्देशाचा, कारण पुण्या-मुंबईत बसून केलेल्या कोटेशनमध्ये तो नसतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. बहुतेक लहान नॅसच्या माहितीपत्रकात चालवण्याचे तापमान ० ते ४० अंश लिहिलेले असते. पत्र्याच्या शेडमधल्या पोटमाळ्यावर किंवा बंद लोखंडी कपाटात ठेवलेली पेटी एप्रिल-मेमध्ये दुपारी ही मर्यादा ओलांडतेच, आणि पंखा कितीही फिरला तरी तो गरम हवाच फिरवतो. सर्व्हर-खोलीसाठी १८ ते २७ अंश ही सर्वमान्य शिफारस आहे. ५०० वॉटच्या यंत्रांना गारवा द्यायला एक टनाचा एसी सहज पुरतो. कारण एक टन म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट उष्णता ओढण्याची ताकद. अडचण ताकदीची नसते, वीज गेल्यावर आपोआप चालू होण्याची असते. एसी ‘ऑटो-रीस्टार्ट’वाला घ्या, आणि जमल्यास दोन घेऊन टायमरवर आलटून-पालटून चालवा. रविवारी ऑफिस बंद करताना ‘बिल वाचवू’ म्हणून एसी बंद केला जातो आणि आत यंत्रे चालूच असतात; तो प्रकार थांबवा. एसीच्या पाण्याची नळी यंत्रांवरून जाणार नाही एवढेही पाहा.

यूपीएसच्या बॅटऱ्यांचे तर विचारूच नका. त्या २५ अंशांना धरून बनवलेल्या असतात. दर आठ-दहा अंश वाढले की आयुष्य निम्मे. म्हणून कागदावर चार-पाच वर्षे टिकणारी बॅटरी आपल्याकडे उघड्यावर दीड-दोन वर्षांत फुगते. तिची खरी परीक्षा नेमकी जूनच्या पहिल्या वादळात होते. बॅटऱ्या थंड खोलीत ठेवा, दर सहा महिन्यांनी मेन स्विच पाडून मिनिटे मोजा. सर्व्हर, नॅस, स्विच मिळून ४०० वॉट असतील तर १ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आतल्याच बॅटऱ्यांवर दहाएक मिनिटे देतो. तेवढी पुरतात, पण यूपीएसची यूएसबी किंवा नेटवर्क केबल नॅसला जोडून ‘पाच मिनिटांनी स्वतः नीट बंद हो’ ही सूचना दिलेली असेल तरच. ही केबल खोक्यात तशीच गुंडाळलेली राहते, हे सगळीकडे दिसते. घरगुती इन्व्हर्टर सर्व्हरला लावू नये. अदलाबदलीला लागणारा वेळ आणि वेडीवाकडी लहर दोन्ही घातक.

अर्थिंगकडेही लक्ष हवे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्यातला कोळसा-मीठ कोरडे पडते आणि अर्थिंग नावापुरते उरते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरने मोजावे. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवत असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त, मग सर्व्हरची तक्रार. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा खड्ड्यात पाणी ओतणे हा फुकटातला उपाय आहे. जिनिंगमधली रुईची पाखड, डाळमिलचा भुसा, नंदुरबार-दोंडाईचाकडची मिरचीची धूळ पंख्याच्या जाळ्यांवर गादीसारखी बसते. हंगामात दर पंधरा दिवसांनी पुढची जाळी काढून झटकावी, आणि सर्व्हर काट्याच्या केबिनमध्ये न ठेवता आतल्या खोलीत न्यावा.

सीसीटीव्हीचा डेटा कामाच्या नॅसवर मुळीच ठेवू नये. हिशेब पाहा : १६ कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ८ एमबी, दिवसाला ६९१ जीबी, तीस दिवसांना जवळपास २१ टीबी. नव्या एच.२६५ पद्धतीने कॅमेरे २ मेगाबिटवर आणले तरी दहा टीबीच्या वर. हे अहोरात्र लिखाण वहीखात्याच्या डिस्कवर लादले की दोन्ही कामे बिघडतात. वेगळा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) आणि पाळत-कामासाठीच्या डिस्क घ्याव्यात. सीटी स्कॅनचा डेटा त्यामानाने आटोपशीर : एक काप ५१२ गुणिले ५१२ ठिपक्यांचा, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी; ५०० कापांची तपासणी अडीचशे एमबी. रोज वीस तपासण्या धरल्या तर दिवसाला ५ जीबी, वर्षाला दीड-पावणेदोन टीबी.

क्लाउडबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात, ‘सगळे तिकडेच टाका’ आणि ‘आपला डेटा परक्याकडे कशाला’. दोन्ही तपासून घ्यावीत. ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल या तिन्हींची केंद्रे भारतात आहेत. मायक्रोसॉफ्टची २०१५ पासून, ॲमेझॉनची २०१६ पासून आणि गुगलची २०१७ पासून. तेव्हा डेटा देशाबाहेर जाईलच असे नाही. मात्र खाते उघडताना मुंबई, पुणे असा विभाग आपणच निवडावा लागतो. खरा प्रश्न रस्त्याचा आहे. १०० मेगाबिटची लाइन पूर्ण वेगाने चालली तर १ टीबी जायला २२ तास लागतात. अपलोड २० मेगाबिटच असेल तर साडेचार दिवस. रोजचा बदल दहा-वीस जीबीचा असेल तर तो रात्रीत निघून जातो, चिंता नाही. पण संकट आले आणि ५ टीबी परत आणायचे ठरले तर १०० मेगाबिटवर साडेचार दिवसांहून अधिक. दुसरा आकडा, म्हणजे किती तास बंद चालेल, तो इथे आडवा येतो. म्हणून आमचे स्पष्ट मत : आपल्या भागातल्या मध्यम उद्योगाने चालू काम जवळच्या डिस्कवर ठेवावे आणि क्लाउड हे बाहेरगावच्या प्रतीसाठी वापरावे. चालू कामच क्लाउडवर न्यायचे असेल तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्याव्यात, आणि त्या एकाच खांबावरून, एकाच खड्ड्यातून येत नाहीत ना ते माणूस पाठवून पाहावे. रस्त्याच्या कामात एकाच जेसीबीने दोन्ही तुटतात.

क्लाउडच्या बिलात साठवणुकीचा दर स्वस्त दिसतो. परत काढण्याचा दर जीबीमागे वेगळा असतो, लाखो बारीक फाइली असतील तर प्रत्येक फाइलमागे विनंतीचे शुल्क लागते. अतिस्वस्त ‘डीप आर्काइव्ह’ प्रकारात डेटा हाती यायला १२ ते ४८ तास लागतात, आणि १८० दिवसांच्या आत पुसला तरी त्या दिवसांचे पैसे भरावेच लागतात. आठ वर्षे जपायच्या जुन्या वह्यांसाठी तो ठीक, कालच्या बॅकअपसाठी नाही. खाते कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या ईमेलवर उघडा, पुरवठादाराच्या किंवा कुण्या कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवर नको. कार्डाची मुदत संपली की सेवा थांबते, त्याची आठवण मुनीमाच्या वहीत असू द्या.

टेपबद्दल थोडक्यात. एलटीओ-९ प्रकारच्या एका चुंबकीय टेपवर १८ टीबी मावतात. खोक्यावरचा ४५ टीबीचा आकडा दाबून भरलेल्या डेटाचा असतो, फोटो-व्हिडिओ-स्कॅन तसे दबत नाहीत. टेप स्वस्त, पण ड्राइव्ह काही लाखांत. पन्नासेक टीबीच्या पुढे आणि वर्षानुवर्षे जपायचे असेल तरच विचार करावा. एसएसडी मात्र कपाटात ठेवून देण्याची वस्तू नव्हे. वापरून झिजलेल्या एंटरप्राइज एसएसडीने बंद अवस्थेत, ४० अंशांत डेटा टिकवण्याचे मानक फक्त तीन महिन्यांचे आहे. आपल्या उन्हाळ्यात लोखंडी तिजोरीत ठेवलेल्या एसएसडीवर विसंबू नये.

बॅकअप हा स्वतंत्र खर्च आहे, हे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दिसले पाहिजे. रेड हा बॅकअप नाही, स्नॅपशॉटही (त्याच पेटीत टिपून ठेवलेली त्या क्षणाची स्थिती) नाही, कारण पेटी जळली तर दोन्ही त्यातच जातात. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या सामाईक साठवणीतला ८५८ टीबी डेटा बाहेर प्रत नसल्याने गेला. ‘एवढ्या मोठ्या डेटाची बाहेर प्रत कशी ठेवणार’ हा सबबीचा सूर आपल्याकडेही ऐकू येतो. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक बाहेरगावी, हा नियम पुरेसा आहे. जळगावची प्रत नव्वदएक किलोमीटरवर धुळ्याच्या शाखेत ठेवता येते.

त्यात एक प्रत अशी हवी की ती मालकालाही मुदतीआधी पुसता येऊ नये. रॅन्समवेअर, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, आधी बॅकअपच शोधून नासवते. जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर असा हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले होते. २०२१ मध्ये क्यूलॉकर आणि २०२२ मध्ये डेडबोल्ट या रॅन्समवेअरनी इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या नॅस पेट्या थेट कुलूपबंद केल्या. म्हणून नॅसचे पान राउटरमधून बाहेर उघडू नका. मालकांना घरून टॅली पाहायची म्हणून रिमोट डेस्कटॉपचे ३३८९ पोर्ट मोकळे सोडले जाते. त्याऐवजी व्हीपीएन (इंटरनेटवरून सुरक्षित खासगी जोडणी) लावा. बॅकअपची जागा संगणकांवर ‘झेड ड्राइव्ह’ म्हणून जोडून ठेवू नका. बॅकअपच्या यंत्राने वेगळ्या पासवर्डने येऊन डेटा ओढून न्यावा. क्लाउडवर ‘ऑब्जेक्ट लॉक’ (मुदतीआधी पुसता न येण्याचे कुलूप) तीस दिवसांचे ठेवा. दिवसांऐवजी वर्षे टाकली गेली तर तेवढी वर्षे बिल भरावे लागते, तेव्हा आकडा दोघांनी तपासूनच घालावा. आणि चालू असलेल्या डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करू नयेत. अर्धी नोंद आधीची, अर्धी नंतरची, अशी प्रत उघडत नाही. सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बॅकअप सोयीनेच प्रत काढावी.

कायद्याचेही थोडे. कंपनी असेल तर संगणकातल्या हिशेबपुस्तकांचा बॅकअप रोज, भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो (ऑगस्ट २०२२ ची दुरुस्ती), आणि वह्या आठ वर्षे जपाव्या लागतात. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार यंत्रणांचे लॉग (कामकाजाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची. डिस्कची वॉरंटी पाच वर्षांची आणि वह्या आठ वर्षांच्या, म्हणजे मध्ये एकदा तरी सगळे नव्या पेटीत हलवावे लागणार, हे आजच धरून चाला. जुन्या डेटासोबत त्या वेळच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि लायसन्सही जपा. ते नसेल तर डेटा असूनही उघडणार नाही.

खर्चाची तुलना पाच वर्षांची करावी. पेटी आणि डिस्क, एक जादा डिस्क कपाटात, दोनदा बदलायच्या बॅटऱ्या, एएमसी, क्लाउडचे मासिक बिल. विजेचा आकडा हमखास विसरला जातो : ५०० वॉट अहोरात्र म्हणजे दिवसाला १२ युनिट, वर्षाला ४,३८०, आणि एसीचे वेगळे.

शेवटची अट पैशाशी जोडावी. कोटेशनवर ‘अमुक टीबी परत उभे करायला अमुक तास’ असे पुरवठादाराकडून लिहून घ्यावे आणि वीस टक्के रक्कम ती चाचणी होईपर्यंत राखून ठेवावी. चाचणी साधी आहे. कोऱ्या संगणकावर बॅकअपमधून डेटा उतरवायचा, सॉफ्टवेअर उघडायचे, ठरलेल्या तारखेचा ताळेबंद मूळ यंत्रणेच्या छापील प्रतीशी पैशापर्यंत जुळवायचा, शेवटचा व्हाउचर क्रमांक पाहायचा, दवाखान्यात असाल तर महिन्यापूर्वीचा एखादा स्कॅन पूर्ण उघडायचा. सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ वहीत लिहून दोघांनी सह्या करायच्या. हीच चाचणी पुढे दर तीन महिन्यांनी. जुनी पेटी बायबॅकमध्ये देताना तिच्या डिस्क काढून घ्याव्यात. फॉरमॅट केल्याने डेटा जात नाही. हार्ड डिस्कवर पूर्ण एकदा शून्ये लिहावीत, एसएसडीला तिच्या कंपनीच्या सुरक्षित-पुसण्याच्या सोयीने पुसावे, आणि मगच नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे.

आपले विश्वासू,
सर्व्हर व डेटा साठवण देखभालीचे काम करणारे तंत्रज्ञ,
जळगाव व धुळे